सिरियस हाय, निघा

माझी मुलगी महाडच्या कॉलेजात जाते आणि उठता-बसता तिच्या तोंडात एकच शब्द असतो. सिरियसली! भाजीत मीठ जास्त पडलं, सिरियसली? एसटी आलीच नाही, सिरियसली? परवा दुकानात बसून मैत्रिणीशी फोनवर बोलताना ती हे मोठ्यांदा म्हणाली आणि झेरॉक्स काढायला आलेले वरच्या वाडीतले एक म्हातारे कागद हातात धरून तसेच उभे राहिले.

"कोन गो?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"कोणी नाही आबा. तिच्या मैत्रिणीनं नवी चप्पल घेतलीय."

आबांनी श्वास सोडला आणि मग चिडले. "मग असा कशाला बोलते ती? शिकलेली पोर ना?"

हसू नका. आमच्या पोलादपूर तालुक्यात हा शब्द असा वाटेल तिथं टाकायचा नसतो. डिक्शनरीत त्याचे अर्थ पुष्कळ दिलेत. गंभीर, विचारी, मनापासूनचा, काळजी करण्यासारखा. शाळेत मास्तर म्हणायचे, हा अभ्यासात सिरियस नाही. टीव्हीवरच्या मालिकेत बहीण बहिणीला विचारते, तो तुझ्याबद्दल सिरियस आहे ना गं? हे अर्थ आम्हालाही ठाऊक आहेत, आम्ही काही कालच रानातून उतरलो नाही. पण मुंबईला फोन लावून कोणी "सिरियस हाय, निघा" म्हटलं की अर्थ एकच. माणूस गेलं.

हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? एसटी स्टँडसमोर आमचं दुकान आहे. आता तिथं रिचार्ज, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म असं सगळं चालतं, पण मी लग्न होऊन आले तेव्हा तो सासऱ्यांचा एसटीडी बूथ होता. काचेची खोली, पिवळा बोर्ड, आत एक स्टूल आणि त्यावर बसल्यावर गुडघे दाराला टेकायचे. सासऱ्यांना ऐकू कमी यायला लागलं आणि बूथ माझ्याकडे आला. सगळ्या वाड्यावस्त्यांतली पोरं मुंबईला, म्हातारी माणसं इथं, आणि मधे तो एक फोन.

माणूस गेलं की गावातून कोणीतरी खाली उतरायचं. बहुतेक एखादा पुतण्या नाहीतर शेजारी. आल्या आल्या बोलायचं नाही. बूथच्या बाहेर उभं राहून हायवेवरचे ट्रक बघत राहायचं. मी विचारायची, "फोन लावायचाय का?" मग खिशातून नंबर निघायचा. नंबर लागला, तिकडून हॅलो आलं, की हा गडी रिसीव्हर माझ्या हातात द्यायचा. "तूच सांग गो बाय. माझ्या तोंडातना नाय येत."

मग मी सांगायची. हळूहळू मला त्यातल्या पायऱ्या कळल्या. "तब्येत बरी नाय" म्हणजे रविवारी येऊन जा. "ॲडमिट केलंय" म्हणजे रजा टाक. "सिरियस हाय" म्हणजे गेलं. "लय सिरियस हाय, लगेच निघा" म्हणजे गेलं आणि उन्हाळ्याचे दिवस आहेत, फार वेळ ठेवता येणार नाही. समोरच्यानं कसं झालं, कधी झालं असं काही विचारायचं नसतं. तो थोडा वेळ गप्प बसतो, मग म्हणतो, "बरं. पोरांना घेऊन येऊ?" आपण म्हणायचं, "घेऊन ये." झालं. गेलं हा शब्द ना इकडून निघतो ना तिकडून, आणि दोघांनाही सगळं कळलेलं असतं.

मग तिकडं गाडी ठरते. एकटं कोणी निघत नाही. मयताला जायचं तर मुंबईतली सगळी भावकी एका गाडीत बसते. विरारवरून निघालेली गाडी नालासोपारा, घाटकोपर, घणसोली अशी माणसं गोळा करत येते. कोणाची ड्युटी सुटायची असते, कोणाला पोरं शेजारी ठेवायची असतात. बायका वाटेत कुठंतरी कोरी साडी घेतात, मयतावर घालायला. इकडं गावात सगळे वाट बघत बसतात. मुंबईकर आल्याशिवाय उचलायचं नाही, ही रीत.

मला हे सगळं नाटक वाटायचं. खरंच सांगते. दोघांनाही ठाऊक आहे तर फसवता कोणाला? एकदा मी एका जाणत्या माणसाला विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "गो, वाटेत कर्नाळ्याची खिंड हाय, सुकेळीची खिंड हाय. तो सोता गाडी चालवत येनार. आय मेली म्हणून सांगितला तर घरापर्यंत पोचंल का तो?" मी म्हटलं, पण त्याला कळतंच की. त्यावर ते म्हणाले, "कळना येगळा, सांगना येगळा." मला काही ते पटलं नाही. मी आपलं काम करत राहिले.

आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, तरी रीत सुटली नाही. व्हॉट्सॲपचे ग्रुप झाले तर तिथंही नियम झाला, की मुंबईचा मुलगा पोचल्याशिवाय श्रद्धांजलीचा फोटो टाकायचा नाही. एका उत्साही पोरानं टाकला होता आधी, हार घेतलेले हात आणि पणती बिणती लावून. गावानं त्याला असं काही फैलावर घेतलं की बिचारा ग्रुपमधूनच बाहेर पडला. आणि अजूनही लोक गावातून उतरून माझ्याकडे येतात, स्वतःचा मोबाइल माझ्या हातात देतात. तूच सांग गो बाय.

माझा धाकटा भाऊ बारावीनंतर नोकरी लागेपर्यंत याच बूथमध्ये माझ्या मदतीला बसायचा. मेला नकलाकार. गिऱ्हाईक गेलं की माझी नक्कल करायचा. नाकाचा शेंडा खाली, आवाज जड, प्रत्येक शब्द सुटा. "सिरियस... हाय. निघा." मला हसू यायचं आणि रागही यायचा. तो म्हणायचा, "ताई, तुझा तो आवाज निघाला ना, की समजायचं विकेट पडली." पुढं त्याला मुंबईत लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिकचं काम लागलं. लग्न झालं, नालासोपाऱ्याला खोली घेतली, तो तिकडचाच झाला.

आई मात्र गावातच. वडील गेल्यावर आम्ही दोघांनीही तिला चल-चल म्हटलं, पण ती कोणाचं ऐकणारी नव्हती. माझ्याकडे आली की दुसऱ्या दिवशी तिला कोंबड्या आठवायच्या. मुलाकडे गेली की म्हणायची, चौथ्या माळ्यावर काय माणूस राहतो, कबुतर हाय का मी? पण जीव सगळा त्याच्यावर. मी इथं जवळ असून माझी किंमत नाही आणि तो गणपतीला चार दिवस आला की घरात दिवाळी. असो. त्याचं आता वाईट वाटत नाही.

दोन पावसाळ्यांमागं तिला खोकला धरला. पावसातला खोकला म्हणून तिनं अंगावर काढला, आणि एके सकाळी शेजारणीचा फोन आला की म्हातारीला धाप लागलीय, ओठ काळे पडलेत. मी जीप करून तिला महाडला नेलं. दवाखान्यात तिला लगेच आयसीयूत घेतलं, ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. म्हणाले, "छातीत पाणी झालंय. वय पाहता काही सांगता येत नाही. मुलाला बोलावून घ्या, आजचा दिवस महत्त्वाचा आहे."

मला आत दोन मिनिटं सोडलं. आईनं मास्क बाजूला केला आणि धापा टाकत म्हणाली, "त्याला बोलाव. मला त्याला बघायचाय." बस, एवढंच. पाणी मागितलं नाही, देव आठवला नाही. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण तिनं आजवर कधी कोणाला बोलाव म्हटलेलं नव्हतं.

बाहेर येऊन मी भावाला फोन लावला. माझा घसा भरून आलेला, म्हणून मी तो खाकरून साफ केला आणि नीट, एकेक शब्द सुटा बोलले. "ऐक. आईला महाडला आणलंय. सिरियस आहे. तू निघ."

 मागं कुठंतरी ड्रिल चालू होतं, तेवढं ऐकू येत होतं. मग तो हळूच म्हणाला, "बरं. पोरांना घेऊन येऊ?"

मी ओरडलेच. "अरे गाढवा, जिवंत आहे ती! ऑक्सिजनवर आहे. तुझं नाव घेतेय. मिळेल ती गाडी पकड आणि एकटा निघ."

"हो ताई. कळलं."

"काय कळलं? काही कळलं नाही तुला! ती बोलली आत्ता माझ्याशी."

"हो गो. तू रडू नको. मी भावकीला फोन करतो, गाडी बघतो."

"गाडी नको! भावकी नको! तू ये फक्त!"

"एकटा कसा येऊ ताई? लोक काय म्हणतील?" आणि त्यानं फोन ठेवला.

मी पुन्हा लावला तर बिझी. भावजयीला लावला तर ती आधीच हंबरडा फोडून मोकळी, मागं शेजारणी गोळा झालेल्या, माझं ऐकतंय कोण! व्हिडिओ कॉल करून आईच दाखवावी म्हणून मी मोबाइल घेऊन आत जायला निघाले, तर सिस्टरनं दारातच अडवलं. आत मोबाइल चालत नाही, मावशी. मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती साताऱ्याकडची, तिला यातलं ओ की ठो कळेना. जिवंत आहेत म्हणून सांगा ना मग, म्हणाली. शेवटी मी डॉक्टरांनाच धरलं. त्यांच्या कानाला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "हॅलो, मी डॉक्टर बोलतोय. तुमच्या आई सिरियस आहेत, शक्य तितक्या लवकर या." डॉक्टर भला माणूस, पण त्यानंही शब्द तोच वापरला. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग दिवसभर त्या बाकड्यावर बसून राहिले. मनातल्या मनात हिशोब करत होते. आता घाटकोपर आलं असेल. आता कोणाची तरी वाट बघत घणसोलीला उभे असतील. एकटा निघाला असता तर दुपारी पोचला असता हा गाढव. आतल्या मॉनिटरचा आवाज बदलला की मी उठायची. मला त्याचा इतका राग आलेला की समोर असता तर कानाखाली वाजवली असती. दुपारी पुन्हा आत सोडलं. आईनं डोळ्यांनीच विचारलं. मी म्हटलं, "निघालाय. वाटेत आहे." ती पुटपुटली, "एवढा येळ?" तिला काय सांगू, की तो तुझ्या मयताला माणसं गोळा करत येतोय?

दिवेलागणीला गाडी दवाखान्याच्या दारात लागली. बायका उतरल्या त्या पदर तोंडाला लावूनच. दोघीतिघींनी तर पायऱ्यांवरूनच गळा काढला. वॉचमन धावत आला. भाऊ सगळ्यांच्या मागं होता, चेहरा सुकलेला. मी त्याच्या दंडाला धरलं, एक शब्द न बोलता आत नेलं आणि पडदा बाजूला केला.

आई टेकून बसलेली. दुपारनंतर तिला थोडा उतार पडलेला, सिस्टर तिला चमच्यानं पेज भरवत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्याच्यामागून काचेला नाक लावून उभ्या असलेल्या सगळ्या भावकीकडे बघितलं. मग चमचा बाजूला सारून म्हणाली, "एवढी सगली कशाला आली? कोन मेला?"

भाऊ जमिनीवर बसला तिथंच. तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. सिस्टर ओरडली, तरी उठेना. मागोमाग आत आलेली भावजय हातातली पिशवी लपवायला बघत होती, पण आईची नजर ती. "काय हाय त्यात? दाखव." कोरी साडी होती, मोरपंखी काठांची. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. आईला कळलं की नाही, कोण जाणे. हात फिरवून म्हणाली, "रंग बरा हाय. ठेव." आणि पुढं घरी जाताना तीच नेसून गेली.

त्या संध्याकाळी जिन्यात भाऊ माझ्यावर उखडला. "मला खरं का नाय सांगितलंस?"

"सांगितलं की रे! घसा फोडून सांगितलं!"

"तुझ्या त्या आवाजात सांगितलंस. मी दिवसभर गाडीत... ताई, ती मेली असंच समजून मी आलो." तो दोन पायऱ्या खाली उतरला आणि परत वर आला. "आज गेली असती ती माझी वाट बघत, आणि मी घणसोलीला चुलत्याची वाट बघत उभा. यापुढं मला तो शब्द सांगायचा नाय. जे असंल ते सरळ सांग. मी काय लहान हाय? शब्द दे."

मी शब्द दिला. मला तेच हवं होतं. इतकी वर्षं चाललेलं ते नाटक आमच्यापुरतं तरी संपलं, असं मला वाटलं.

आई त्यानंतर माझ्याकडेच राहिली. कोंबड्या शेजारणीला दिल्या, आणि त्यावरून रोज मला बोलणी खावी लागली. भाऊ रोज संध्याकाळी फोन करायचा. मी सगळं सरळ सांगायची. आज भाकरी खाल्ली. आज पायाला सूज आहे. आज माझ्याशी भांडली, म्हणजे बरी आहे. दर महिन्याला तो येऊन जायचा, एकटा, हातात खारी-बिस्किटांचा पुडा घेऊन. आई त्याला जवळ बसवायची आणि माझ्या तक्रारी सांगायची. ते दिवस चांगले गेले.

या वर्षी शिमगा होऊन गेल्यावर, एका सकाळी मी तिला चहा दिला आणि गॅस बंद करायला वळले. परत बघते तर कप खाली ठेवलेला, अर्धा प्यालेला, आणि ती भिंतीला टेकून गेलेली. मी हाका मारल्या. शेजारी धावले. डॉक्टर येऊन बघून गेले.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भावाला फोन कर. सिरियस हाय म्हण."

मी म्हटलं, "नाही. मी त्याला शब्द दिलाय."

"अगो, असा एकदम सांगतात का कोन?"

मी ऐकलं नाही. फोन घेऊन मागच्या दारी गेले. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. आधी मी विचारलं, "कुठं आहेस?" म्हणाला, खाली आहे, चहा पितोय. मग मी सांगितलं. जड आवाज नाही, काही नाही. सरळ. "आई गेली रे. आत्ताच. चहा पिता पिता."

 मला वाटलं फोन कट झाला. मग त्याचा श्वास ऐकू आला, अडकत अडकत येणारा.

"ताई," तो म्हणाला, "सिरियस म्हणायचं होतंस गो."

"तूच म्हणालास ना, सरळ सांग म्हणून?"

"म्हणालो." मग त्याला बोलताच येईना. "पण आता एवढ्या लांब येऊ कसा मी? वाटेत काय धरून बसू?"

इतकी वर्षं मी तो शब्द लोकांच्या कानात घातला, पण तो कशासाठी असतो ते मला तेव्हा कळलं. मला रडू फुटत होतं. मी पदर तोंडात धरला, घसा साफ केला आणि माझा तो आवाज काढला.

"ऐक," मी म्हटलं. "आई सिरियस हाय. निघ."

तिकडं कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं. पोरांना घेऊन येऊ?"

"घेऊन ये," मी म्हटलं. "सावकाश ये."